सुगम्य, पण कोणास? रानवाटांवरील पूल व फळीवाटा यांच्या रचनेविषयी

केवळ फिरण्याच्या आनंदासाठी आखलेल्या रानवाटा ज्या देशांत पुष्कळ आहेत, त्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे स्थान वरचे आहे. तेथील राष्ट्रीय उद्यानांतून आणि वनखात्याच्या ताब्यातील रानांतून अशा हजारो मैलांच्या पायवाटा गेल्या आहेत. या वाटांवर ओढे लागतात, पाणथळी लागतात, आणि तेथे लहान पूल किंवा फळ्यांचे उंचावलेले मार्ग बांधावे लागतात. अशा फळ्यांच्या मार्गास प्रस्तुत लेखात 'फळीवाट' असे म्हटले आहे. लहान पुलास वेगळा शब्द शोधण्याचे कारण नाही. कोकणात व्हाळावर टाकलेल्या पोफळीच्या किंवा माडाच्या खोडांच्या पुलास 'साकव' म्हणतात आणि आता सरकारी कागदोपत्री काँक्रीटच्या लहान पादचारी पुलासही तोच शब्द चालतो. व्हीलचेअरवरून जाणारा, कुबड्या घेऊन चालणारा, पांढऱ्या काठीने वाट चाचपणारा, किंवा वयोमानाने पाऊल उचलावयास कष्ट पडणारा मनुष्य ज्यावरून जाऊ शकेल असे साकव व अशा फळीवाटा कशा रचाव्यात, याचे नियम त्या देशात बऱ्याच परिश्रमांनी तयार झाले आहेत. त्या नियमांचा परिचय करून देणे हा या लेखाचा पहिला हेतू होय.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. नियम हे शब्दांनी बनतात. असे नियम मराठीत आणावयाचे झाले तर प्रत्येक शब्दापाशी वस्तूची खरी ओळख असावी लागते, आणि एखादा शब्द चुकीचा पडला तर त्याचा परिणाम कोशात न राहता रानात होतो. हे विधान अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. पुढील विवेचनावरून वाचकांनी त्याचा निर्णय करावा.

प्रथम इतिहास थोडक्यात. सरकारी पैशाने बांधलेल्या वास्तू अपंग व्यक्तींना वापरता याव्यात असा अमेरिकन कायदा १९६८ साली झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९७३ च्या दुसऱ्या एका कायद्याने 'अ‍ॅक्सेस बोर्ड' हे मंडळ निर्माण झाले. १९९० च्या व्यापक कायद्यानंतर इमारती, रस्ते, वाहने यांविषयीचे नियम स्थिरावले. परंतु इमारतीचा नियम रानास लागू करता येत नाही, हे लवकरच ध्यानात आले. बांधकाम करणाऱ्याने जमीन सपाट करून घेतलेली असते. रानात जमीन आहे तशी स्वीकारावी लागते. म्हणून १९९७ मध्ये अपंगांच्या संघटना, वाटा राखणाऱ्या संस्था व सरकारी खाती यांची एक समिती बसविण्यात आली. तिचा अहवाल १९९९ मध्ये आला. वनखात्याने २००६ मध्ये स्वतःपुरते नियम केले, आणि केंद्र सरकारच्या ताब्यातील सर्व भूमीस लागू होणारे अ‍ॅक्सेस बोर्डाचे नियम २०१३ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध होऊन त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरपासून अमलात आले. समितीपासून नियमापर्यंत सोळा वर्षे लागली. एवढा काळ का लागला हे नियमांची भाषा पाहिली म्हणजे कळते.

मूळ इंग्रजी शब्दास आपल्याकडे 'सुगम्य' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. २०१५ साली सुरू झालेल्या 'सुगम्य भारत' अभियानामुळे तो सर्वतोमुखी झाला. 'सुलभ' हा शब्दही सुचला असता, परंतु त्याने आपल्या शहरांत एका वेगळ्याच वास्तूशी कायमचे नाते जोडले आहे. 'सुगम' हा संगीताने नेला. तेव्हा 'सुगम्य' हाच उरला, आणि तो वाईट नाही. 'गम्' या धातूस 'दुर्' हे उपपद लागून 'दुर्ग' झाला. जेथे जाणे कठीण तो दुर्ग. तेथे जाणे कठीण असावे हाच बांधणाऱ्याचा हेतू होता. 'दुर्गम' हे विशेषण मात्र आपण ज्या प्रदेशास लावतो तेथे कोणाचा हेतू नसतो, ती भूमीची प्रकृती असते. रानवाटेवरील साकवाबद्दल बोलताना हा भेद उपयोगी पडतो. वाट दुर्गम असू शकेल. साकव दुर्गम असेल तर तो मनुष्याने तसा बांधलेला असतो.

'गम्य' या रूपातील प्रत्यय शक्यता किंवा योग्यता दाखवितो, आणि अशा रूपांच्या कर्त्याबद्दल संस्कृत व्याकरणाने स्वतंत्र विचार केला आहे: कर्ता तृतीयेत येतो, विकल्पाने षष्ठीत येतो. पण तो सांगावा लागतो. 'गम्य' म्हणजे कोणाकडून गम्य? मराठी वाक्यात हा कर्ता बहुधा गळतो. 'ही वाट सुगम्य आहे' असे म्हटले की वाक्य पूर्ण झाल्यासारखे वाटते, आणि प्रश्न विचारावयाचा राहून जातो. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरमधील तरुणास जी वाट सुगम्य ती हाताने चाके फिरविणाऱ्या साठीच्या गृहस्थास सुगम्य असेलच असे नाही. आणि दोघांनाही जी सुगम ती पांढऱ्या काठीने चालणाऱ्यास धोक्याची असू शकेल. अमेरिकन नियमांचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण असा की त्यांनी या गळलेल्या कर्त्याची जाणीव ठेवली. त्यांनी माणसाचे माप घेतले नाही, वाटेचे घेतले.

वाटेचे पहिले माप तिच्या पृष्ठभागाचे. इमारतीच्या नियमांत जमिनीस तीन विशेषणे लावली आहेत. ती दबणारी नसावी, टिकून राहणारी असावी आणि निसरडी नसावी. रानवाटेच्या नियमांत यांपैकी पहिली दोनच ठेवली आणि तिसरे मुद्दाम वगळले. कारण उघड आहे: रानात पाने पडतात, चिखल येतो, बर्फ साचतो, आणि हे सर्व टाळता येत नाही, जे टाळता येत नाही त्याची सक्ती करणारा नियम पहिल्या दिवसापासून मोडला जातो. ज्या समितीने एक शब्द गाळण्याचा इतका विचार केला तिच्याबद्दल भाषेच्या विद्यार्थ्यास आदर वाटल्यावाचून राहत नाही.

उरलेल्या दोन शब्दांत जो भेद केला आहे तो आपल्या जमिनींवरून फार चांगला समजतो. दाब पडला असता जिच्यात खळगा पडत नाही ती जमीन पहिल्या अर्थाने योग्य. नेहमीच्या ऋतुमानाने आणि नेहमीच्या वापराने, एका दुरुस्तीपासून दुसऱ्या दुरुस्तीपर्यंत, जिचे रूप कायमचे बिघडत नाही ती दुसऱ्या अर्थाने योग्य. देशावरील काळी जमीन वैशाखात दगडासारखी असते. तिच्यावर व्हीलचेअरचे चाक रुतणार नाही. आषाढात तीच जमीन चाक गिळते. म्हणजे ती वैशाखात पहिली कसोटी उतरते, दुसरी कधीच उतरत नाही. मुरूम नुसता पसरला तर त्याची गत मधली. पाणी मारून, थरांवर थर दाबून बसविला आणि पाण्यास वाट करून दिली तर तो दोन्ही कसोट्यांस बराच टिकतो.

आता येथे मराठीचा धोका पाहा. या दोन विशेषणांसाठी चटकन सुचणारा शब्द 'पक्की' हा होय. 'वाट पक्की असावी.' परंतु मराठीत पक्का रस्ता म्हणजे डांबराचा किंवा सिमेंटचा रस्ता, हा अर्थ आता सुटणे नाही. मूळ नियमात डांबराची किंवा सिमेंटची अट कोठेही नाही. बारीक खडी व तिची भुकटी नीट दाबून केलेली वाट, किंबहुना योग्य प्रतीची माती, चालते. भाषांतरात 'पक्की' हा शब्द गेला तर ठेकेदाराच्या निविदेत सिमेंट येईल, आणि मग अपंगांच्या सोयीसाठी रानाची नासाडी झाली अशी ओरडही होईल. वस्तुतः ती सोय कोणी मागितलेलीच नव्हती. म्हणून मी 'न दबणारी' आणि 'ऋतुमानास टिकणारी' असे लांब पण निःसंदिग्ध शब्द पसंत करतो.

दुसरे माप चढाचे. वीसास एक, म्हणजे वीस फूट चालल्यावर एक फूट उंची, किंवा याहून सौम्य चढ कितीही लांब असला तरी चालतो. त्याहून तीव्र पण बारास एकपर्यंतचा चढ सलग २०० फुटांपर्यंत, त्याहून तीव्र पण दहास एकपर्यंतचा ३० फुटांपर्यंत, आणि त्याहून तीव्र पण आठास एकपर्यंतचा केवळ १० फुटांपर्यंत चालतो. अशा प्रत्येक तुकड्यानंतर विसाव्याची सपाट जागा हवी, तिची लांबी निदान ६० इंच. शिवाय एकूण वाटेच्या शेकडा तीसहून अधिक भाग बारास एकाहून तीव्र असता कामा नये. हे आकडे वाचून रानातील नियम इमारतीपेक्षा सैल आहेत एवढेच मनात येते. किती सैल आहेत हे गणित केल्यावर कळते. इमारतीतील उतरणीवर बारास एक चढाने सलग चढता येणारी उंची फार तर ३० इंच. मग सपाट जागा आलीच पाहिजे, आणि बहुधा दोन्ही बाजूंस हाताला धरावयास दांडा. रानात त्याच चढाने सलग २०० फूट, म्हणजे १६ फुटांहून अधिक उंची चढावी लागू शकते, आणि दांड्याची सक्ती नाही. तेव्हा नियमात बसणारी रानवाट ही व्हीलचेअरवाल्यासाठी अंथरलेली गालिच्याची वाट नव्हे. ती श्रमाची वाट आहे. ज्यांना ते श्रम हवे आहेत त्यांना ते करता यावेत, एवढीच मागणी या नियमांमागे आहे.

चढाच्या नावाबाबत एक भाषिक अडचण येथेच नोंदवितो. वाटेला दोन उतार असतात: एक चालण्याच्या दिशेचा आणि दुसरा वाटेच्या रुंदीवरचा, पाणी कडेस वाहून जावे म्हणून ठेवलेला. दुसऱ्यास 'आडवा उतार' म्हणता येते. मग पहिल्यास जोडीने 'उभा चढ' म्हणावे, असा मोह होतो. पण मराठीत उभा चढ म्हणजे छातीवर येणारा चढ! 'उभा चढ, वीसास एक' अशी पाटी वाचून कोणीही माघारी फिरेल. 'वाटेच्या दिशेचा चढ' असेच म्हणावे. आडव्या उताराकडे सामान्य चालणाऱ्याचे लक्ष जात नाही. व्हीलचेअर मात्र त्यामुळे सतत खालच्या बाजूस ओढली जाते आणि एका हातास दुप्पट काम पडते. म्हणून फळ्या, डांबर किंवा काँक्रीट यांवर तो अठ्ठेचाळीसास एक आणि इतरत्र वीसास एक यापलीकडे नसावा असे ठरविले आहे. फळीवाटेतून पाणी फटींतून खालीच जाते. तिला आडव्या उताराचे प्रयोजनच नाही.

आता साकवाकडे वळू. साकवाची सुगम्यता बहुतेक वेळा त्याच्या मधल्या भागात ठरत नाही, दोन टोकांस ठरते. व्याकरणात दोन निर्दोष शब्द जवळ आले की विकार त्यांच्या सांध्यापाशी होतो. येथेही तसेच घडते. वाट चांगली, साकव चांगला, आणि जेथे माती संपून फळी सुरू होते तेथे चार बोटांची पायरी. ही पायरी बांधताना नसते. साकवाचे टोक ज्या बांधीव आधारावर टेकते त्याच्या पाठीमागे मातीचा भराव घातलेला असतो. आधार खचत नाही, भराव खचतो. त्यात पहिल्याच पावसाळ्यात उतारावरून आलेले पाणी नेमके त्या सांध्यापाशी तुंबते आणि माती धुऊन नेते. फळ्यांच्या किंवा काँक्रीटच्या पृष्ठभागावर अर्ध्या इंचाहून, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटरहून, उंच अडथळा नियमांस मान्य नाही. मातीच्या किंवा खडीच्या वाटेवर दोन इंचांपर्यंत चालतो. सांधा हा दोहोंच्या सीमेवर असतो. तेथे कडक माप धरावे हे माझे मत. कारण मातीवरील दोन इंचांचा दगड चुकवून जाता येते, सांधा चुकविता येत नाही. उपाय अवघड नाहीत. भराव पातळ थरांनी दाबावा. येणारे पाणी सांध्याच्या अलीकडेच आडव्या चराने बाजूस काढावे. आणि एक रुंद फळी किंवा फरशी अशी बसवावी की तिचे एक टोक आधारावर व दुसरे मातीवर राहील, म्हणजे माती खचली तरी पायरी न होता थोडा चढ होईल. आणि पावसाळा संपताच कोणीतरी फावडे घेऊन तेथे जावे. कोकणात दरवर्षी साकव नव्याने घालीत असत तेव्हा ही देखरेख आपोआप होत असे. कायमचा साकव झाला आणि देखरेख थांबली, ही प्रगतीची एक अनपेक्षित बाजू आहे.

दुसरा दोष सौंदर्यदृष्टीने येतो. बागांतून व उद्यानांतून कमानदार साकव बांधण्याची हौस सर्वत्र आहे. चित्रात तो सुंदर दिसतो. दहा मीटर लांबीच्या साकवास मध्ये केवळ अर्धा मीटर उंची दिली, तर पाहणाऱ्यास ती अगदी सौम्य वाटते. सरासरी चढ दहास एक येतो. पण कमानीचा चढ सर्वत्र सारखा नसतो. तो माथ्यावर शून्य आणि टोकांस सर्वाधिक असतो. साध्या अन्वस्ताकार कमानीत टोकाचा चढ सरासरीच्या दुप्पट, म्हणजे पाचास एक होतो. नियमातील शेवटची मर्यादा आठास एक आहे हे वर आलेच. शिवाय हा सर्वांत तीव्र चढ नेमका सांध्यापाशी येतो, जेथे आधीच पायरी होण्याची भीती असते. टोकांस वीसास एक एवढाच चढ हवा असेल तर दहा मीटरांच्या साकवास मध्ये साडेबारा सेंटिमीटरपेक्षा अधिक उंची देता येणार नाही. एवढ्या उंचीनेही कमानीचा भास होतो; ज्यास तो पुरत नाही त्याने कमान कठड्यास द्यावी, पायाखाली देऊ नये.

साकव सरळ ठेवला तरी पुराच्या पाण्याच्या वर राहण्यासाठी तो वाटेपेक्षा उंच करावा लागतो. साठ सेंटिमीटर उंच केला तर वीसास एक चढाने पोहोचावयास बारा मीटर लागतात, दोन्ही काठांस मिळून चोवीस. अरुंद दरीत एवढी जागा नसते. म्हणून साकवाची जागा निवडतानाच काठ उंच असलेला, दोन्ही बाजूंस सपाटी असलेला भाग शोधावा. वाट थोडी लांब गेली तरी चालेल. वाट आधी आखून साकव मागाहून बसविण्याची रीत येथे नडते.

फळ्यांचा विचार सुताराच्या नजरेने करावा लागतो. फळ्या चालण्याच्या दिशेस आडव्या घालाव्यात. त्या लांबीने घातल्या तर फट चाकाच्या दिशेत येते आणि व्हीलचेअरची पुढची लहान चाके तीत अडकतात. म्हणून नियमात लांबट फट नेहमी चालीस आडवी किंवा तिरपी असावी असे आहे. फटीची रुंदी अर्ध्या इंचाहून कमी. नेमके सांगावयाचे तर अर्धा इंच व्यासाची गोळी तीतून पडता कामा नये. आता लाकूड लांबीने जवळजवळ आकसत नाही, रुंदीने आकसते. १४० मिलिमीटर रुंद ओली फळी वाळताना शेकडा चारने जरी आकसली तरी साडेपाच मिलिमीटर जातात. बांधताना दहा मिलिमीटरांची फट ठेवली असेल, तर वाळल्यावर ती साडेपंधरा होते, आणि साकव कोणीही हात न लावता नियमाबाहेर जातो. ओल्या लाकडाच्या फळ्या म्हणून जवळजवळ टेकवून बसवितात. वाळलेल्या फळ्यांत उलट फुगण्यास जागा ठेवावी लागते. लाकूड किती ओले आहे हे विचारल्याशिवाय फटीचा आकडा लिहू नये, हे त्यातील तात्पर्य. अनेक फटींवरून जाताना खुर्चीस बसणारे बारीक हादरे हाही एक त्रास आहे. ज्यांच्या स्नायूंस आचके येतात त्यांना तो फार जाणवतो. फळी रुंद घेतली तर फटी कमी होतात, परंतु रुंद फळी अधिक आकसते व वाकते. येथे दोन्ही बाजूंचे समाधान करणारे उत्तर मला दिसत नाही. जागेवरच ठरवावे लागते.

रुंदीविषयी फार लिहावयास नको. वाट निदान ३६ इंच मोकळी हवी, आणि ती ६० इंचांहून अरुंद असेल तर निदान दर १,००० फुटांस दोन व्हीलचेअर एकमेकींस ओलांडतील अशी ६० इंच चौरस जागा हवी. फळीवाटेवर मात्र हे अंतर मला फार वाटते. मातीच्या वाटेवर माणूस कडेस उतरून जागा देऊ शकतो, फळीवाटेवरून उतरणार कोठे?

कठड्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तो पडण्यापासून वाचवितो, आणि पाहण्यास आडही येतो. व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढाचे डोळे जमिनीपासून सुमारे ११० ते १३० सेंटिमीटरांवर असतात. कठड्याची वरची दांडी बहुधा १०७ सेंटिमीटरांच्या आसपास येते, आणि ती जाड व रुंद फळीची असली म्हणजे पाणी पाहावयास आलेल्या माणसास दांडीच दिसत राहते. जेथे दृश्य पाहण्यासाठी मुद्दाम जागा केली असेल तेथे ३२ ते ५१ इंचांच्या, म्हणजे ८१ ते १३० सेंटिमीटरांच्या, पट्ट्यात दृष्टीस अडथळा नसावा असे नियमांत आहे. हा नियम ज्याने सुचविला त्याने सुगम्यतेचा अर्थ पोहोचण्यापुरता मर्यादित ठेवला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. मुक्कामी पोहोचूनही काही न दिसणे हे दुर्गमतेचेच एक रूप होय.

जेथे उंची थोडी आणि कठड्याची गरज नाही, तेथे फळीवाटेच्या कडेस आडवी पट्टी ठोकतात. ती ठोकल्यास निदान तीन इंच उंच असावी. चाक तिला थबकते, आणि पांढरी काठी तिच्यावर वाजते. अंध प्रवाशास फळीवाट एका दृष्टीने मातीपेक्षा बोलकी असते: मातीवरून फळीवर पाऊल पडताच आवाज बदलतो, पोकळी कळते, आणि आपण पाण्यावर आलो हे त्यास कोणी सांगावे लागत नाही.

दक्षिण कॅरोलिनातील काँगरी राष्ट्रीय उद्यानात पूरमैदानातील जुन्या वृक्षराजीतून जाणारी सुमारे चार किलोमीटरांची वर्तुळाकार फळीवाट व्हीलचेअरने जाण्याजोगी आहे. पण नदीस पूर आला की तिचा सखल भाग पाण्याखाली जातो. तेव्हा ती वाट सुगम्य आहे की नाही? प्रश्न कर्त्याचा होताच, आता काळाचाही झाला.

नियमांतील अपवादांची भाषा पाहिल्याशिवाय हा परिचय पुरा होत नाही. भूप्रदेशामुळे, प्रचलित बांधकामपद्धतीने साध्य नसल्यामुळे, त्या स्थळाचे मूळ स्वरूप वा प्रयोजन पालटत असल्यामुळे, किंवा वन्यजीव, पर्यावरण व वारसा यांच्या रक्षणाचे कायदे आड येत असल्यामुळे नियम पाळता आला नाही तर तो त्या तुकड्यापुरता सुटतो. 'त्या तुकड्यापुरता' हे शब्द महत्त्वाचे आहेत. उरलेल्या वाटेवर नियम चालूच राहतो. भूप्रदेशाच्या अपवादासाठी मूळ शब्द 'अशक्य' असा नाही. जे वाजवी प्रयत्नाने करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. मराठीत 'शक्य तितके' हा शब्दप्रयोग त्या जागी आला तर त्याचा अर्थ सरकारी व्यवहारात काय होतो हे आपणांस माहीत आहे.

शब्दाच्या व्याख्येचे एक मासलेवाईक उदाहरणही येथे देण्याजोगे आहे. वन्य म्हणून राखलेल्या प्रदेशात यांत्रिक वाहनास १९६४ च्या कायद्याने बंदी आहे. मग व्हीलचेअर हे वाहन काय? १९९० च्या कायद्याने तीस मोकळीक दिली आणि व्याख्या केली: चालण्यात अडचण असलेल्या व्यक्तीच्याच हालचालीसाठी बनविलेले आणि घराच्या आत पादचारी जागेत वापरण्यास योग्य असे साधन. रानात काय न्यावे हे ते घरात चालते की नाही यावरून ठरते! प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. पण जे घरात चालते ते त्या माणसाचे पाय आहेत, आणि पायांना रानात बंदी नाही, असा त्यामागील तर्क आहे.

आता गळलेल्या कर्त्याकडे परत येऊ. वाटेच्या तोंडाशी माहितीची नवी पाटी लावली तर तीवर काय असावे, हे नियमांनी सांगितले आहे: वाटेची लांबी; पृष्ठभाग कशाचा; नेहमीची व कमीत कमी रुंदी; वाटेच्या दिशेचा नेहमीचा व सर्वाधिक चढ; आडवा उतार नेहमीचा व सर्वाधिक. येथे 'सुगम्य' हे विशेषण नाही, सल्ला नाही, इशाराही नाही. वाचणारा आपले बळ जाणतो, आपली खुर्ची जाणतो, सोबत कोण आहे हे जाणतो. त्याने पाटीवरील आकड्यांत आपला कर्ता घालून वाक्य पुरे करावयाचे आहे. निळ्या पार्श्वभूमीवरील खुर्चीचे चित्र सोपे खरे. पण ते दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष सांगते, आणि चित्र नसलेल्या वाटेवर 'हे तुमच्यासाठी नव्हे' असे न लिहिता लिहिते. आठास एक चढाचे दहा फूट चार मित्रांच्या मदतीने पार करीन असे म्हणणाऱ्यास ते चित्र काहीच सांगू शकत नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेची तरतूद आहे. त्याखालील नियमांतील एक कलम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असून मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरविले, आणि बंधनकारक मापे वेगळी काढण्याचा आदेश दिला. 'असावे' आणि 'असलेच पाहिजे' यांतील अंतर न्यायालयास मोजावे लागले. रानवाटा व फळीवाटा यांची पाळीही येणार आहे. मुंबईत मलबार हिलच्या झाडीतून जाणारी सुमारे ४८५ मीटरांची उंचावरील फळीवाट २०२५ मध्ये लोकांसाठी खुली झाली, आणि तशा वाटा इतरत्र होण्याची चिन्हे आहेत. त्यांच्या तोंडाशी लागणाऱ्या पाट्या मराठीत असतील. तेव्हा चर्चेसाठी एका कल्पित वाटेच्या पाटीचा मसुदा येथे देतो: 'लांबी ६०० मीटर. पृष्ठभाग दाबलेली खडी, मध्ये ४० मीटर फळ्या. रुंदी बहुतेक दीड मीटर, साकवावर १ मीटर. वाटेच्या दिशेचा चढ बहुतेक वीसास एक. साकवाच्या पलीकडे ८ मीटरांपर्यंत दहास एक. आडवा उतार बहुतेक पन्नासास एक, सर्वाधिक तीसास एक. जोराच्या पावसानंतर साकवाचे अलीकडील टोक पाहून घ्यावे.' शेवटचे वाक्य अमेरिकन नियमांत नाही. 'वीसास एक' हे प्रमाण शहरी वाचकास चटकन कळेल की 'शेकडा पाच' बरे, याबद्दल माझे मत अजून बनलेले नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी वीस-पंचवीस माणसांस दोन्ही पाट्या दाखवून पाहिल्यास त्याचा निकाल लागेल.